परडी खाली ठेवायची नसते

केवळाबाईंनी त्या अनोळखी घराच्या भिंतीला आधी बोट लावलं, मग नख लावून पाहिलं. पोपडा निघत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी दारातल्या बाईला विचारलं, "ह्यात काय घालताव गं? निस्ती माती तर न्हाई ही."

ती बाई दिंडी बघायला दारात आली होती. म्हातारी पाणी मागेल, असं तिला वाटलं असणार. तिनं मुकाट्यानं सांगितलं, की आत बांबूचा कूड आहे, वर माती, शेण आणि साळीचं तूस. केवळाबाईंचं तेवढ्यावर भागलं नाही. तुसाऐवजी सोयाबीनचं भुसकट चालेल का, वाळवी लागते का, दरसाल लिंपावं लागतं का, लिंपण बाई करते का गडी, हे सगळं त्यांनी उभ्याउभ्या काढून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या गावात, शिरूर अनंतपाळच्या बाजूला, त्यांचं घर सिमेंटचं होतं. त्याला तूस लागणार नव्हतं आणि भुसकटही. पण दिसलेली गोष्ट न विचारता सोडायची ही त्यांची जातच नव्हती. शाळा त्यांनी दुसरीतच सोडलेली, आणि तेव्हापासून जे काही शिकल्या ते दुसऱ्याच्या दारात उभं राहून.

ह्या सगळ्या चौकशीत त्यांचा डावा हात छातीशी होता आणि त्या हातावर परडी होती.

परडी म्हणजे बांबूची लहानशी टोपली, ओंजळीला थोडी मोठी. तिच्यात देवीचा चांदीचा टाक, कवड्यांची माळ, हळदकुंकू आणि मूठभर ज्वारी. बिरादारांच्या घरची ही परडी दर नवरात्रात माहूरला रेणुकेच्या भेटीला जायची. सारखणीपर्यंत टेम्पो, तिथून पुढं डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवरून पायी. देवघरातून निघालेली परडी देवीपुढं जाईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. मुक्कामाला ती झाडाच्या फांदीला नाहीतर खुंटीला टांगायची. ज्या हातानं घेतली त्याच हातानं गड चढवायची, आणि वाटेत हात बदललाच तर ती ज्या हातात गेली त्याच हाताची होते. तो हातही सवाष्णीचा लागतो. केवळाबाईंच्या सासूबाई, साखराबाई, ह्यांनी हे सगळं त्यांना लग्नाच्या पहिल्याच साली ऐकवलं होतं, आणि गुडघे गेल्यावर परडी स्वतःच्या हातानं त्यांच्या हातात दिली होती.

इथंच ह्या साली पेच पडला होता. गेल्या सालच्या भादव्यात केवळाबाईंचे मालक अण्णाराव गेले. त्या नवरात्रात खेप चुकली. वर्षश्राद्ध झालं, पुन्हा नवरात्र आलं, आणि सगळं गाव धरून चाललं, की आता परडी सुनेकडे, पुनमकडे जाणार. घट बसले, मुलगा बालाजी घरी दिव्यापाशी राहणार असं ठरलं, दिंडी निघायची वेळ झाली, आणि केवळाबाई उठून देवघरात गेल्या, खुंटीवरची परडी काढून बाहेर आल्या. म्हणाल्या, गडावर नेऊन देवीसमोर सुनेच्या हाती देते, तोवर माझ्याकडंच ऱ्हाईल, कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा.

त्या गावात केवळाबाईंशी बोलून जिंकलेला माणूस अजून व्हायचा होता.

पण एक माणूस असं होतं, की त्यानं तोंड उघडलं असतं तर केवळाबाईंना ऐकून घ्यावं लागलं असतं. ती त्यांची धाकटी जाऊ, नागाबाई. देगलूरकडची. लग्नाला दोन पावसाळे झाले नाहीत तोच तिचा नवरा माणिकराव विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. नागाबाई माहेरी गेली नाही. दरसाल दिंडीबरोबर यायची, सगळ्यांची भांडी घासायची, भगर शिजवायची. एकदा, फार मागं, वाऱ्यानं फांदीवरची परडी हेलकावली म्हणून तिनं धरायला हात पुढं केला, तर साखराबाई म्हणाल्या होत्या, "हात मागं घे." तेव्हापासून परडीच्या आसपास असली की नागाबाईचे दोन्ही हात पाठीमागं असायचे. पुढं साखराबाईंचे गुडघे गेले, परडी केवळाबाईंकडं आली, त्यांनी ते हात पुढं घे असं काही सांगितलं नाही. सासूनं घालून दिलेली रीत होती, ती चालली.

आणि आता तसल्याच मोकळ्या कपाळानं केवळाबाई परडी घेऊन पुढं चालत होत्या, आणि मागून नागाबाई हात पाठीशी बांधून येत होती.

हिच्या मनात काय असेल, हे केवळाबाईंना कळून घ्यायचं होतं. टोमणा मारेल, निदान एखादा सुस्कारा सोडेल. त्याला द्यायचं उत्तर त्यांनी घरूनच तयार करून आणलं होतं. चांगलं धारदार होतं. पण समोरून काही येईचना. मग त्यांनी स्वतःच डिवचायला सुरुवात केली.

"पाय दुखायलेत का गं?"

"न्हाई अक्का."

"मग गप काहून?"

"चढण हाय की. बोलत चढलं तर धाप लागती."

"काही म्हनायचं असंल तर म्हनून टाक. पोटात ठेवू नको."

नागाबाईनं जरा विचार केला. "भगर थोडी कमी आणलीय आपण," ती म्हणाली.

भिंतवाल्या घराच्या पुढं वाट सागाच्या रानात शिरली. पुढं निशाण घेतलेला ग्यानोबा, मागं बायकांची रांग. खाली उतरल्यावर ओढा लागला. पाणी गुडघ्याच्या आत, पण दगड शेवाळलेले. ग्यानोबा पलीकडं पोचून कुठल्या दगडावर पाय द्यायचा ते ओरडून सांगत होता. केवळाबाईंनी ऐकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण त्यांना दोन दगडांच्या मधोमध बांबूचं काहीतरी दिसलं. नळकांड्यासारखं विणलेलं, तोंड रुंद, आत काड्या अशा वळवलेल्या की मासा शिरावा पण निघू नये. तो आत गेला तर त्याला काड्या टोचत कशा नाहीत, आणि बाहेर येताना बरोबर कशा टोचतात, हे बघायला त्या वाकल्या, आणि पाय गेला.

त्या कमरेइतक्या पाण्यात बसत्या झाल्या. परडीचा हात मात्र वर. हळदकुंकवाची पुडी फुटून मनगटावरून कोपरापर्यंत लाल ओघळ आला. ग्यानोबा पलीकडं होता. पुनम अजून अलीकडच्या काठावर सलवारीचे पाय वर दुमडत होती. हाताच्या अंतरावर फक्त नागाबाई उभी होती, आणि तिचे हात पाठीमागं होते.

"धरा गं कुनी," केवळाबाई म्हणाल्या.

नागाबाई हलली नाही.

"नागा, धर की."

"मी धरू?"

केवळाबाईंनी त्या दोन शब्दांत टोमणा शोधला. बरगड्यांखालून थंडगार पाणी जात असताना शोधला. मिळाला नाही. तिनं खरंच विचारलं होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत ती हात पुढं करणार नव्हती. परडी एका अंगाला कलायला लागली. कवड्या खळकन सरकल्या.

"तूच धर," केवळाबाई म्हणाल्या.

नागाबाईनं दोन्ही हात पुढं घेतले. भरलेली घागर धरावी तशी परडी पोटाशी धरली आणि ग्यानोबा सांगत होता त्याच दगडांवरून ओढा ओलांडून गेली. केवळाबाईंना पुनमनं बखोटीला धरून उठवलं.

पलीकडं पोचल्यावर मोठ्या दगडाआड केवळाबाई लुगडं पिळत होत्या, आणि दगडाच्या ह्या बाजूला ग्यानोबाची कुजबूज चालू होती. दिंडीची सगळी रीतभात सांभाळणं त्याच्याकडं. त्याचं म्हणणं असं, की अडचणीत झालेली गोष्ट धरायची नसते. ओढ्याचं पाणी शिंपडावं, परडी पुनमताईंच्या हातात द्यावी, गडावर कोण बघायला येतंय. पुनम म्हणाली, नागाबाईकाकूंकडे राहिली तर काय बिघडलं, आणि मला दरसाल ऑफिसातून रजा मिळेल असंही नाही. बायकांमध्ये त्यावर चुळबूळ झाली. नागाबाई बाजूला उभी होती. परडी खाली ठेवता येत नव्हती म्हणून हातात होती, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

केवळाबाई पदर सारखा करत दगडाआडून आल्या. ग्यानोबानं त्यांना पुन्हा सगळं समजावून सांगायला घेतलं.

"तसं नव्हं वैनी, मी काय म्हंतो, रीत हाय म्हनून. हात कसा, सवाष्णीचाच..."

एवढं बोलून तो थांबला. आपण कुणासमोर काय बोलत होतो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याची नजर केवळाबाईंच्या कपाळावरून घसरून ओढ्यात गेली.

"काहून थांबलास?" केवळाबाईंनी विचारलं. "बोल पुढं. सवाष्णीचाच काय?"

ग्यानोबानं निशाणाचं फडकं काठीभोवती गुंडाळलं, पुन्हा सोडलं. सगळ्या बायका कुठं ना कुठं बघत होत्या. नागाबाई तेवढी केवळाबाईंकडं सरळ बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. सकाळी भगर शिजली का म्हणून पातेल्यात बघायची तशी ती बघत होती.

केवळाबाईंच्या हातात आता दोन गोष्टी होत्या. रीत खरी म्हणायची, तर घरून निघाल्यापासून स्वतःच्याच हातानं बाटवली, असं होत होतं. खोटी म्हणायची, तर नागाबाईचं अख्खं आयुष्य हात पाठीमागं घेऊन गेलं, त्याचं काय, असं होत होतं. त्यांनी दोन्हीपैकी काही म्हटलं नाही. "चला," म्हणाल्या. "ऊन चढायलंय." आणि वाटेच्या कडेला सरून उभ्या राहिल्या. परडी पुढं जाते, हे सगळ्यांना माहीत होतं. नागाबाईला पुढं व्हावं लागलं.

नागाबाईची पाठ केवळाबाई पहिल्यांदाच बघत होत्या. आजवर तिची पावलं मागून ऐकलेली. ती डाव्या पायावर किंचित जोर देऊन चालते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. टाचा फुटल्यात, त्यात मेण भरलंय. केस मानेवर अजून काळे आहेत. आणि ही बाई चालताना गुणगुणते. चढणीवर धाप लागते म्हणणारी बाई चढणीवर गुणगुणत होती. केवळाबाईंनी पाय उचलून अंतर कमी केलं, कान दिला, पण शब्द लागेनात.

"काय म्हनायलीय गं ती?" त्यांनी पुनमला विचारलं.

"तेलुगूत असंल काहीतरी. काकूंचं माहेर तिकडलंच की."

हे केवळाबाईंना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. इतकी वर्षं एका चुलीवर काढली, आणि हिच्या पोटात एक अख्खी बोली पडून आहे आणि ती कुणी कधी ऐकली नाही, हे त्यांना आज, सागाच्या रानात, ओल्या लुगड्यानं चालताना कळत होतं. असं आणखी काय काय असेल, ह्या विचारानं त्यांना वाट कधी सरली ते समजलं नाही.

गडाच्या पायथ्याच्या अलीकडं शेवटचं गाव. तिथं जोगवा मागायचा. ज्वारीनं कोठ्या भरलेल्या असल्या तरी देवीला जाताना परक्याच्या दारात पदर पसरायचा, ही ह्या वाटेवरची शिस्त. केवळाबाई जोगवा असा मागायच्या, की घरवालीला आपलंच काही देणं राहिलं असावं असं वाटायचं. नागाबाईनं उभ्या जन्मात मागितला नव्हता. ती पहिल्या दारापुढं जाऊन नुसती उभी राहिली.

मागून केवळाबाईंचे ओठ हलले. पण जिच्या हातात परडी तिनंच मागायचं असतं. त्यांनी ओठ मिटले.

घर धुरपताबाई नावाच्या बाईचं होतं. लठ्ठ, हसरी, तोंडात दोनच दात. परडी बघून तीच सुपात ज्वारी घेऊन बाहेर आली, आणि नागाबाईचा चेहरा बघून, का लुगड्याचा काठ बघून कोण जाणे, तेलुगूत म्हणाली, "रा अम्मा, कूर्चो." ये, बस. नागाबाईनं त्याच बोलीत काहीतरी उत्तर दिलं. मग दोघींचं सुरूच झालं. धुरपताबाईनं केवळाबाईंकडं हनुवटीनं दाखवून काहीतरी विचारलं, आणि नागाबाई हसली. तोंडावर पदर न घेता हसली.

केवळाबाईंना राहवेना. "काय म्हनली ती?"

"काही न्हाई अक्का."

"माझ्याकडं बघून म्हनली. सांग."

"म्हनली, तुझी सासू लई तालेवार दिसतीय."

"जाऊ हाय मी हिची," केवळाबाई धुरपताबाईला मराठीत म्हणाल्या. "जाऊ. थोरली."

"हाव, हाव," धुरपताबाई म्हणाली, आणि तिनं आतून कुंकवाचा करंडा आणला. सुपातली ज्वारी परडीत टाकली, अंगठा कुंकवात बुडवला, आणि नागाबाईच्या कपाळाकडं हात नेला. नागाबाई पायरीवरून मागं सरली. कुंकू लावायचं नसतं, हे तिनं बोलीत सांगितलं असावं. धुरपताबाईचा अंगठा तसाच हवेत राहिला.

"मी काय तिला लावून राहिली?" ती केवळाबाईंना म्हणाली, कारण ह्या घोळक्यात निकाल कुणाकडं लागतो हे तिनं एका नजरेत ओळखलं होतं. "परडीवाली रिकाम्या कपाळानं आमच्या गावातून वर जात नाही. ते कुंकू बाईचं नसते, परडीचं असते."

नागाबाईनं वळून केवळाबाईंकडं बघितलं. ओढ्यापाशी बघितलं होतं तसंच.

"लावून घे," केवळाबाई म्हणाल्या. "किती येळ उनात उभं करशील सगळ्यास्नी."

धुरपताबाईनं चांगलं ठळक, नाकाच्या शेंड्यावर सांडेल असं कुंकू लावलं. अंगठ्याला उरलं होतं. केवळाबाई शेजारीच उभ्या होत्या. धुरपताबाईनं ते दाराच्या चौकटीला पुसलं आणि पाण्याची कळशी आणायला आत गेली.

गडावर माणसांचा लोट होता. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हार, बांगड्या, लाह्या आणि लोखंडी खलात काहीतरी कुटल्याची ठकठक. रांगेत ढकलाढकली सुरू झाली तशी ग्यानोबानं निशाण आडवं धरून बघितलं, पण त्याचं कोण ऐकतंय. केवळाबाई नागाबाईच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही कोपरं बाहेर काढली. मागच्या जाड बाप्याला त्यांनी सांगितलं, की पुढं परडी हाय, आणि मागं मी हाय, तर तू आपला श्वास घेत उभा ऱ्हा. तो राहिला.

गाभाऱ्यापुढं पुजाऱ्यानं मान वर न करताच विचारलं, "परडी कुणाची?"

"केवळाबाई अण्णाराव बिरादार," नागाबाई म्हणाली. दरसाल मागून ऐकलेलं तेच तिच्या तोंडी आलं.

"तसं न्हाई," केवळाबाई मागून म्हणाल्या. "नागाबाई माणिकराव बिरादार, असं घ्या."

नागाबाईच्या हातात परडी हलली. घरात माणिकरावाचं नाव कुणी घेत नसे. साखराबाई होत्या तोवर त्यांना रडू येईल म्हणून, आणि पुढं सवय मोडली म्हणून. बायकोनं तर घ्यायचंच नसतं. आज पुजाऱ्यानं ते खणखणीत आवाजात, मंत्राच्या मधोमध, देवीला ऐकवलं. घंटा वाजत होती, तरी नाव स्पष्ट ऐकू आलं. नागाबाईनं परडी पुढं केली. टाक देवीच्या पायाशी लागला, परत आला. तिच्या ओंजळीत प्रसाद पडला, मग केवळाबाईंच्या, मग पुनमच्या, आणि लोटानं सगळ्यांना दुसऱ्या दारानं बाहेर काढलं.

बाहेर वाऱ्याला कठड्यापाशी जागा मिळाली. पुनमनं सासूबाईंना विचारलं, मग आता परडी घ्यायची का मी, गडावर देणार होता ना तुम्ही.

"मला काय इचारतीस? जिच्या हातात हाय तिला इचार."

पुनमनं काकूंकडं बघितलं. नागाबाई म्हणाली, देते की, जरा बसू दे. आणि परडी मांडीवर घेऊन बसली.

प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पानं, कात, बडीशेप, सगळं खलात कुटून केलेला ओलसर गोळा. विडा विधवेनं खायचा नसतो म्हणून नागाबाई दरसाल आपला वाटा पदराच्या गाठीत बांधून घरी पोरांना न्यायची. आजही तिनं पदराचं टोक हातात घेतलं होतं. मग सोडलं, आणि गोळा तोंडात टाकला.

केवळाबाई बघत होत्या. त्यांच्या तळहातावरचा गोळा तसाच होता. दरसाल तो देवीच्या दारातच तोंडात जायचा. आज दाराबाहेर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं होतं, की आपणही आता विडा खायचा नसतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अण्णाराव जाऊन वर्ष उलटलं, पण विडा समोर यायची वेळ आज पहिल्यांदा आली होती.

नागाबाई सावकाश चावत होती. ओठांच्या कडेला लाल दिसायला लागलं.

"कसं लागतंय?" केवळाबाईंनी विचारलं.

नागाबाईनं डोळे बारीक करून चव घेतली. "गोड हाय. मागनं जरा तिखट." मग म्हणाली, "दरसाल असंच असतंय व्हय, अक्का?"

"असंच असतंय," केवळाबाई म्हणाल्या.

खाली, लांबवर, पैनगंगेची वळणं उन्हात दिसत होती. केवळाबाईंनी ती नदीच का, असं कुणाला विचारलं नाही. मुठीतला गोळा त्यांनी तोंडात टाकला आणि जावेच्या शेजारी, खाली भुईवर बसल्या.